प्रवासविचार : अलास्का महामार्ग आणि वाटेतली जनावरे

गेल्या अंकात या सदरात अलास्का महामार्गावर दोन पाने लिहिली आणि त्यानंतर महिनाभर पत्रांचा ओघ थांबला नाही. नौपाड्यापासून नेरुळपर्यंतच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न पुष्कळ होते. त्यांपैकी एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. हा रस्ता मी दोनदा केला आहे, एकदा जूनमध्ये आणि एकदा ऑगस्टच्या अखेरीस, त्यामुळे उत्तरांत थोडा अनुभव आणि थोडा हट्ट असे दोन्ही आढळेल.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त आहोत आणि मुलगा व्हँकुव्हरला असतो. हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो? दहा दिवसांत जाऊन-येऊन होईल का? (पाचपाखाडी, ठाणे)

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील डॉसन क्रीक या गावात रस्त्याचा शून्य मैलाचा खांब आहे. तेथून फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स, हेन्स जंक्शन आणि बीव्हर क्रीक असे करत तो अमेरिकेच्या अलास्का राज्यात शिरतो आणि डेल्टा जंक्शन येथे अधिकृतपणे संपतो. बहुतेक प्रवासी पुढचे दीडशे-एक किलोमीटर जाऊन फेअरबँक्सला मुक्काम करतात. मूळ रस्ता सुमारे २,२०० किलोमीटरहून थोडा अधिक भरतो आणि आज तो सगळा पक्का आहे. नकाशात शोधताना डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी यांची गल्लत करू नये. दुसरे गाव कॅनडाच्याच युकॉन प्रदेशात, सोन्याच्या शोधासाठी प्रसिद्ध असलेले, आणि पहिल्यापासून फार दूर आहे.

दहा दिवसांत हे सगळे होईल, परंतु फक्त होईल. व्हँकुव्हरहून डॉसन क्रीकलाच बाराशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते, म्हणजे दोन दिवस तेथेच गेले. मुलाची रजा मर्यादित असेल तर माझा सल्ला असा, की डॉसन क्रीक ते व्हाइटहॉर्स हा सुमारे १,४२० किलोमीटरचा टप्पा पाच-सहा दिवसांत सावकाश करावा, तेथून क्लुएन सरोवरापर्यंत एक दिवस जाऊन यावे आणि व्हाइटहॉर्सहून विमानाने परतावे. गाडी एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडायची झाल्यास भाड्याखेरीज मोठी रक्कम द्यावी लागते, हे आधीच विचारून ठेवावे. गाडीनेच परतायचे असेल तर आल्या वाटेने येऊ नये. वॉटसन लेकच्या थोडे पश्चिमेला दक्षिणेकडे फुटणारा स्टुअर्ट-कॅसियार रस्ता घ्यावा. तो अधिक अरुंद, अधिक निर्जन आहे आणि काळी अस्वले त्यावर मोठ्या संख्येने दिसतात.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहून बावीस वर्षे झाली, शेजारी एवढे राष्ट्रीय उद्यान, पण बिबट्या एकदाही दिसला नाही. तिकडे प्राणी खात्रीने दिसतातच, असे आपण कशाच्या आधारावर लिहिता? (कासारवडवली, ठाणे)

आपण बिबट्याला पाहिले नसेल. बिबट्याने आपल्याला पाहिलेच नाही, अशी खात्री मात्र मी देणार नाही. परंतु प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गेल्या अंकात मी नीट दिले नव्हते.

पहिली गोष्ट, बिबट्या लपण्यावर जगणारा शिकारी आहे, तर अलास्का महामार्गावर दिसणारी बहुतेक जनावरे चरणारी आहेत, आणि अस्वलही वसंतात व उन्हाळ्याच्या सुरुवातीला बराच काळ गवत, पाने आणि फुलेच खात असते. दुसरी आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की ही जनावरे रस्त्याजवळ योगायोगाने दिसत नाहीत. रस्ताच त्यांना बोलावतो. स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या घनदाट जंगलातून रस्ता काढताना दोन्ही बाजूंची झाडे बऱ्याच रुंदीपर्यंत तोडलेली असतात. त्या मोकळ्या पट्ट्यात ऊन पडते, बर्फ आधी वितळतो आणि आतल्या जंगलात अजून काही उगवलेले नसताना तेथे कोवळे गवत, क्लोव्हर आणि पिवळी डँडेलियनची फुले माजतात. हिवाळाभर उपाशी झोपून उठलेल्या अस्वलाला ही रस्त्याकडेची हिरवळ म्हणजे वाढलेले ताट असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात फोर्ट नेल्सनच्या पुढे एका सकाळी आम्ही चार तासांत सहा काळी अस्वले पाहिली, आणि सहाही मान खाली घालून, म्हशीच्या तन्मयतेने फुले खात होती.

दुसरे आमिष मिठाचे. डोंगरातल्या मेंढ्यांना उन्हाळ्यात क्षारांची ओढ लागते. मंचो सरोवराच्या काठी रस्ता डोंगर कापून पाण्याला अगदी चिकटून जातो आणि उघड्या पडलेल्या मातीत हे क्षार सहज मिळतात. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा अंशही कडेला साठलेला असतो. म्हणून तेथे स्टोन जातीच्या करड्या मेंढ्या थेट डांबरावर उभ्या असतात. आमच्या गाडीपुढे एक मेंढी रस्त्याची कड चाटत होती. इंजिन बंद करून काच थोडी खाली घेतल्यावर तिच्या जिभेचा खरखर आवाज स्पष्ट ऐकू आला. तिच्या नाकापासून डोळ्यांपर्यंत ओली राखाडी माती माखली होती आणि मागे उभे असलेले कोकरू तिची नक्कल म्हणून साध्या डांबराला जीभ लावून पाहत होते. समोरून ट्रक आला तेव्हा ती बाजूला झाली खरी, पण ट्रक जाण्यापुरतीच.

तिसरा पाहुणा म्हणजे वूड बायसन. आपल्या गव्याची आठवण व्हावी असा, पण खांद्यापासून दाट लोकर ल्यालेला हा प्राणी उत्तर अमेरिकेतील जमिनीवरचा सर्वांत मोठा सस्तन प्राणी आहे. मोठ्या नराचे वजन ९०० किलोपर्यंत जाते. शिकारीमुळे या प्रदेशातून तो नाहीसा झाला होता. १९९० च्या दशकात तो पुन्हा आणून सोडला गेला आणि लियार्ड नदी ते वॉटसन लेक या टप्प्यात आता त्याचे कळप रस्त्याकडेने निवांत हिंडतात. त्यांना चालायला सपाट वाट आणि चरायला गवत, दोन्ही एकाच ठिकाणी मिळते. एका परावर्तक खांबाला पाठ घासून गेलेल्या नराची लोकर मी जवळून पाहिली. खांबाच्या बोल्टांमध्ये तपकिरी पुंजके असे अडकले होते की गादीतला कापूस वाटावा.

तेव्हा खात्री मी जनावराची देत नाही. मीठ आणि गवत यांची देतो. योग्य महिना आणि योग्य टप्पा असेल तर उरलेले काम ती दोन करतात.

प्रश्न : अस्वल दिसल्यावर गाडीतून उतरावे की नाही? माझ्या यजमानांचे म्हणणे, सगळे उतरतात. (कोपरी, ठाणे)

सगळे उतरतात हे दुर्दैवाने खरे आहे, पण उतरू नये. आपली शंका योग्य आहे.

कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांचा नियम अस्वल व लांडगा यांच्यापासून किमान १०० मीटर आणि मूस (हरणाच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी), मेंढी यांच्यापासून किमान ३० मीटर अंतर ठेवण्याचा आहे. शंभर मीटर म्हणजे टीएमटीच्या आठ-दहा बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढे होईल तेवढे. रस्त्याकडेचे अस्वल बहुधा याहून जवळच असते. म्हणून उतरायचे नाही, खिडकीतून पाहायचे, दोन-तीन छायाचित्रे घ्यायची आणि निघायचे. थांबायचे असल्यास पुढे-मागे स्पष्ट दिसणाऱ्या जागी, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन, इशाऱ्याचे दिवे लावून थांबावे. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर कधीही नाही, कारण मागून भरलेला ट्रेलर येत असतो आणि त्याच्या चालकाला आपल्या हौसेची कल्पना नसते.

एक गाडी थांबली की दुसरी थांबते, दुसरी पाहून पाचवी, आणि थोड्याच वेळात गायमुख घाटातल्यासारखी कोंडी होते. अशा एका कोंडीत मी स्वतः सामील होतो, हे कबूल केले पाहिजे. सात गाड्या, वीस-एक माणसे, आणि मध्ये एक तरुण अस्वल, ज्याला जंगलाकडे परत जायचे होते पण वाटेत माणसे उभी होती. त्याने दोनदा वळून पाहिले, जबडा वाजवला, तोंडातून जोराने हवा सोडली. ही भीतीची आणि चिडीची खूण असते हे मला नंतर एका वनरक्षकाने सांगितले. तेव्हा आम्हाला ते गोड वाटले होते. शेवटी एका वयस्क ट्रकचालकाने काच खाली करून सगळ्यांना गाडीत बसण्यास फर्मावले, तेव्हा वाट मोकळी झाली.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. माणसाची सवय झालेले अस्वल रस्त्यावर अधिक वेळ घालवते आणि गाडीखाली येते. खाऊची सवय लागलेले अस्वल तंबूंपर्यंत येते आणि अखेर बहुधा त्याला गोळी घालावी लागते. येऊरच्या वाटेवर माकडांना केळी आणि वेफर देणाऱ्यांचे काय होते, ते आपण पाहतोच. फरक इतकाच की माकड पिशवी ओढून घेते. लियार्डच्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी १९९७ मध्ये एका काळ्या अस्वलाने दोन माणसांचा जीव घेतला. अशा घटना अतिशय विरळ असतात, परंतु त्या घडतात.

पायी हिंडायचे असल्यास मिरचीच्या अर्काचा फवारा, ज्याला तिकडे बेअर स्प्रे म्हणतात, जवळ ठेवावा आणि तो सॅकच्या तळाशी नव्हे, कमरेला असावा. तो विमानात हातातल्या किंवा चेक-इनच्या सामानातही चालत नाही. तेथेच विकत घ्यावा आणि परतताना कोणाला तरी देऊन यावा. चालताना बोलत राहावे, म्हणजे अस्वल आधीच बाजूला होते. समोरासमोर आलेच तर पळू नये. शांतपणे बोलत, हळूहळू मागे सरकावे. काळे अस्वल आणि ग्रिझली, म्हणजे तिकडचे मोठे तपकिरी अस्वल, यांतला फरक रंगावरून ओळखू नये, कारण काळे अस्वल तपकिरीही असते. खांद्यावरचे उंच मदार पाहावे. ते ग्रिझलीला असते.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या भूगोलाच्या बाई म्हणाल्या की हा रस्ता आठ महिन्यांत बांधला. इतक्या थंडीत आणि जंगलात हे कसे शक्य झाले? (वाशी, नवी मुंबई)

बाईंनी सांगितले ते खरे आहे, आणि तुझा प्रश्न या महिन्यातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न आहे.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अलास्का हा जपानला जवळ असलेला अमेरिकेचा भाग, पण तेथे जायला उरलेल्या देशातून जमिनीवरचा रस्ताच नव्हता. मार्च १९४२ मध्ये काम सुरू झाले आणि २० नोव्हेंबर १९४२ रोजी क्लुएन सरोवराच्या वरच्या टेकडीवर, कडाक्याच्या थंडीत, उद्घाटनाची फीत कापली गेली. दहा हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक या कामावर होते आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात गोरे आणि काळे यांच्या तुकड्या वेगळ्या असत. रस्ता दोन्ही टोकांकडून एकाच वेळी केला जात होता, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बीव्हर क्रीकजवळच्या जंगलात दोन बुलडोझर समोरासमोर आले. एकावर ९७व्या रेजिमेंटचा कृष्णवर्णीय कॉर्पोरल रिफाइन्स सिम्स होता, दुसऱ्यावर १८व्या रेजिमेंटचा गोरा शिपाई आल्फ्रेड जालुफ्का. त्या दोघांनी हात मिळवल्याचे छायाचित्र पुढे फार प्रसिद्ध झाले. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश १९४८ मध्ये निघाला, आणि योगायोगाने हा रस्ताही त्याच वर्षी सामान्य लोकांसाठी खुला झाला.

आता थंडीविषयी. खरी अडचण थंडीने नव्हे, उन्हाळ्याने केली. तिकडे बऱ्याच भागात मातीचा खालचा थर वर्षानुवर्षे गोठलेलाच असतो आणि वरचे शेवाळ त्याला गोधडीसारखे झाकून ठेवते. सैनिकांनी आपल्या सवयीने आधी ही गोधडी बुलडोझरने खरवडून काढली, तेव्हा खालचा बर्फ वितळला आणि यंत्रे चिखलात रुतून बसली. मग त्यांना उमगले की शेवाळ काढायचे नाही. उलट त्यावर झाडांचे ओंडके शेजारी शेजारी आडवे टाकायचे आणि त्यांवर माती-खडी पसरायची. गोठलेली जमीन आजही त्या रस्त्याला स्वस्थ बसू देत नाही. डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक या भागात डांबर लाटांसारखे वरखाली होते, आणि मागे बसलेल्यांना होडीत बसल्याचा भास होतो.

एक गोष्ट पुस्तकात कमी सापडते, ती तुला सांगतो. या रस्त्याबरोबर तेथल्या मूळ रहिवाशांच्या गावांत गोवर, इन्फ्लुएंझा असे आजार आले आणि टेस्लिनसारख्या गावांनी फार सोसले. बाहेरून आलेल्यांनी शिकार सुरू केल्यावर जनावरे वाचवण्यासाठी क्लुएन भागात अभयारण्य करण्यात आले, पण त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच शिकार करून जगणाऱ्या लोकांनाही बंदी झाली. बाईंना वर्गात याविषयी विचार.

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीवर गेली पाच वर्षे फ्लेमिंगोंचे फोटो काढतो आहे. कोणता महिना, कोणती वेळ आणि कोणती लेन्स? (ऐरोली, नवी मुंबई)

महिना कोणता, हे आपल्याला काय हवे त्यावर ठरेल. अस्वले आणि पिलांसह मेंढ्या हव्या असतील तर मेअखेर ते जूनअखेर. शिंगे पूर्ण वाढलेले मूस आणि लालपिवळी झालेली रानझुडपे हवी असतील तर ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबर. उत्तरेचा प्रकाश, म्हणजे अरोरा, ऑगस्टअखेरपासूनच दिसू शकतो; त्याआधी रात्र पुरेशी काळी होतच नाही. २१ जूनच्या सुमारास व्हाइटहॉर्सला सुमारे १९ तास दिवस असतो, आणि खाडीवर भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून जाणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला हा उजेड आधी आनंद देईल आणि मग थकवील. जनावरे भल्या पहाटे आणि रात्री उशिरा हालतात. रात्री दहाला सूर्य तिरपा होऊन झाडांच्या कडा पिवळ्या होतात, तो वेळ सोडू नये. दुपारी झोपावे.

लेन्स खाडीवर वापरता तीच, १००-४०० किंवा १५०-६०० मिलिमीटरची झूम, पुरेल. तिपाई फारशी लागत नाही, कारण बहुतेक फोटो गाडीच्या खिडकीतूनच घ्यायचे असतात. त्याऐवजी खिडकीच्या काठावर ठेवायला तांदूळ भरलेली कापडी पिशवी न्यावी. इंजिन बंद करावे, नाहीतर थरथर उतरते. जून-जुलैत डासांचा त्रास भयंकर असतो. आपल्या खाडीकाठच्या डासांशी ओळख असल्याचा गर्व मला होता. तो टेस्लिनच्या पुढे एका संध्याकाळी उतरला.

प्रश्न : गाडी, लायसन्स, पेट्रोल यांविषयी थोडक्यात सांगावे. (घणसोली, नवी मुंबई)

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय चालक परवाना घ्यावा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ लायसन्सबरोबरच दाखवायचा असतो. कॅनडा आणि अमेरिका यांचे व्हिसा वेगवेगळे लागतात आणि अलास्कातून परत कॅनडात यायचे असल्याने कॅनडाचा व्हिसा बहुप्रवेशी आहे ना, हे पाहून घ्यावे. भाड्याच्या गाडीच्या कागदांत खडीच्या रस्त्यावर नेण्यास मनाई आणि समोरच्या काचेची नुकसानभरपाई या दोन गोष्टी बारकाईने वाचाव्यात. मी पहिल्या खेपेस वाचल्या नाहीत. डांबरावर मोकळी खडी टाकलेल्या तुकड्यात समोरच्या ट्रकने उडवलेल्या खड्याने काचेवर चांदणी उठली, आणि तिची किंमत ऐकून आमच्याही डोळ्यांपुढे चांदण्या चमकल्या.

टाकी निम्मी झाली की पेट्रोल भरावे, पुढे पंप असेल या आशेवर राहू नये. मोबाइलचे सिग्नल गावांपुरते असतात, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्यावेत. हेडलाइट दिवसाही चालू ठेवावेत. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते. याचा विसर भर रहदारीत पडत नाही, निर्जन पंपावरून बाहेर पडताना पडतो. अंधार असेल तेव्हा चालवू नये, कारण मूस उंच असल्याने त्याचे डोळे पुष्कळदा दिव्यांच्या झोताच्या वर राहतात, आणि धडक बसली तर त्याचे लांब पाय तुटून सगळे धूड काचेवर येते. बायसन काळोखाच्याच रंगाचा असतो.

वणव्यांचीही चौकशी रोज करावी. मे २०२४ मध्ये वणव्यामुळे फोर्ट नेल्सन हे गावच रिकामे करावे लागले होते. ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉन या दोन्ही सरकारांची रस्त्यांची माहिती देणारी संकेतस्थळे आहेत. सकाळी निघण्यापूर्वी ती उघडून पाहण्यास दोन मिनिटे लागतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. बरोबर काय न्यावे? आणि लियार्डच्या कुंडांविषयी आपण एकच ओळ लिहिली होती, ते का? (विष्णुनगर, ठाणे)

भाज्या, दूध, ब्रेड, डाळी हे सगळे फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन आणि व्हाइटहॉर्सच्या दुकानांत मिळते. मधल्या विश्रामस्थानांवर मात्र शाकाहार म्हणजे तळलेले बटाटे आणि चीज सँडविच. ठाण्याहून भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी नेली तर पोटाची काळजी मिटते. जे न्याल ते विमानतळावर आणि सीमेवर विचारल्यास स्पष्ट सांगावे; ताजी फळे आणि भाज्या घेऊन सीमा ओलांडण्याचा प्रयत्न करू नये.

एक इशारा हवा. अस्वलाचे नाक कुत्र्याहूनही तीक्ष्ण मानले जाते आणि आपल्या स्वयंपाकाला वास असतो. टॉड नदीजवळच्या तळावर मी लाकडी टेबलावर लसणाच्या चटणीचा डबा उघडा ठेवून पाणी आणायला गेलो. परत येईपर्यंत तळाची व्यवस्था पाहणाऱ्या बाई डब्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी झाकण लावायला लावले, डबा गाडीत ठेवायला लावला, ताटे घासलेले पाणी ठरलेल्या जागीच टाकायला लावले आणि टूथपेस्टसुद्धा तंबूत नाही ना, हे विचारले. होती. सासूबाईंनीही मला इतके कधी फैलावर घेतले नव्हते.

लियार्डच्या कुंडांविषयी कमी लिहिले, ते जागेअभावी. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत उतरलेल्याला तेथे परके वाटणार नाही. गंधकाचा तोच वास, आणि उगमापाशी पाय आखडून घ्यावा लागेल असे तेच चटके, कारण पाणी ४२ ते ५२ अंश सेल्सियस असते. फरक भोवतालात आहे. कुंड बांधीव नाही, तळाला खडी आणि काठाला फर्नची झाडे आहेत, आणि तेथपर्यंत कोमट दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट जाते. ही दलदल हिवाळ्यातही गोठत नाही, म्हणून एवढ्या उत्तरेला एरवी न तगणाऱ्या वनस्पती तेथे वाढतात आणि पाणवनस्पती खायला मूस येतात. आम्ही पहाटे गेलो तेव्हा वाटेच्या उजवीकडे एक मादी गुडघाभर पाण्यात उभी होती. ती डोके पूर्ण पाण्याखाली घाली, बराच वेळ काहीच हाले नाही, आणि मग कानांतून पाणी गाळत, तोंडात हिरव्या दोऱ्या लोंबवत ती वर येई. चांदीचे दागिने मात्र कुंडात उतरण्यापूर्वी काढून ठेवावेत, ते काळे पडतात.

प्रश्न : वॉटसन लेकला पाट्यांचे जंगल आहे म्हणतात. आपली पाटी नेता येते का? (नेरुळ, नवी मुंबई)

येते. १९४२ मध्ये रस्त्याच्या कामावर असलेल्या कार्ल लिंडली नावाच्या सैनिकाला घरची आठवण येत होती. दुरुस्तीला दिलेल्या खांबावर त्याने आपल्या गावाची, इलिनॉयमधल्या डॅनव्हिलची, पाटी ठोकली आणि तेव्हापासून येणारे-जाणारे आपापल्या पाट्या ठोकत आहेत. आज त्या हजारोंनी आहेत. पाटी पत्र्याची न्यावी, लाकूड टिकत नाही. चार भोके घरूनच पाडून घ्यावीत. माझी ‘राम मारुती रोड’ अशी निळी पाटी दुसऱ्या खेपेस जागेवर होती, फक्त तिच्यावर कोणी तरी जर्मन गावाची मोठी पाटी अर्धी चढवली होती.

प्रश्न : आपला लेख वाचून आम्ही जुलैत क्लुएनला गेलो. मेंढ्यांच्या डोंगरावर एकही मेंढी नव्हती, आणि सरोवराच्या टोकाला धुळीचे वादळ होते. लेखात यातले काहीच नव्हते. (कळवा, ठाणे)

तक्रार पूर्णपणे मान्य आहे. क्लुएन सरोवराच्या दक्षिण टोकाजवळच्या थेचाल डाल या डोंगरावर डाल जातीच्या पांढऱ्या मेंढ्या दिसतात असे मी लिहिले आणि कधी दिसतात ते लिहिले नाही. शरद ऋतूपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत त्या रस्त्याकडच्या उतारावर असतात, कारण तेथे वाऱ्याने बर्फ उडून गवत उघडे पडते. उन्हाळ्यात त्या डोंगरामागच्या उंच कुरणांत जातात आणि रस्त्यावरून दिसत नाहीत. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो म्हणून मला त्या दिसल्या, आणि माझ्या नशिबाला मी नियम समजलो. आपल्या खर्चाची भरपाई करता येत नाही, परंतु चूक माझी होती हे येथे छापून देत आहे.

धुळीची हकीकत वेगळी आणि अधिक गंभीर आहे. कास्कावुल्श हिमनदीच्या वितळत्या पाण्याची एक मोठी धार पूर्वी स्लिम्स नदीतून क्लुएन सरोवरात येत असे. हिमनदी मागे हटत गेली आणि २०१६ च्या वसंतात बर्फात नवी घळ पडून ते पाणी दुसऱ्या नदीत वळले, जी दक्षिणेकडे पॅसिफिक महासागराला मिळते. काही दिवसांत स्लिम्सचे पात्र जवळजवळ कोरडे झाले, सरोवराची पातळी उतरली, आणि हिमनदीने शतकानुशतके दळलेले पिठासारखे बारीक गाळाचे कण उघडे पडले. वारा सुटला की तेच उठतात, आणि महामार्ग नेमका त्या पात्रावरूनच जातो. आपण वादळ म्हणून पाहिलेत तो त्या नदीचा तळ होता. असा वारा असेल तर काचा बंद करून, दिवे लावून, पूल ओलांडेपर्यंत न थांबता हळू जावे. सरोवराच्या पश्चिम काठाने डिस्ट्रक्शन बेकडे गेल्यावर हवा सहसा निवळते, आणि जुलैतही संध्याकाळी त्या बाजूच्या पाणथळीत मूस उतरण्याची शक्यता असते.